मुरलेलं तेल

"रेडेकर, जाता जाता एक विचारतो. या जीपचं इंजिन ऑइल शेवटचं कधी बदललंत?"

भाऊसाहेब दळवींनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं. मुलगी पसंत होती, मुलगा पसंत होता, पत्रिका जुळली होती, हुंडा आम्ही मागितला नव्हता आणि त्यांनी देऊ केला नव्हता. जेवणात माशांची आमटी झाली होती. सुपारी अक्षय्य तृतीयेला फोडायची असं ठरवून आम्ही सावंतवाडीच्या त्या अंगणात उभे होतो. आई जीपमध्ये चढली होती, मध्यस्थी करणारे बाळकूमामा पान लावत होते, आणि मी शेवटचं एकदा मागच्या दाराकडं बघत होतो, कारण तिथं वृंदा उभी होती.

"शेवटचं?" आप्पा म्हणाले. "पहिल्यांदाच बदललेलं नाही, तर शेवटचं कुठलं?"

भाऊसाहेबांना आधी ही थट्टा वाटली. ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आमचे आप्पा हसत नाहीत.

"म्हणजे, जीप घेतल्यापासून?"

"घेतल्यापासून. लष्कराच्या लिलावातली पेट्रोल जीप आहे. रघू तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायचा. बोनेट उघडायचं, पाणी घालायचं, बॅटरी पुसायची, बंद करायचं. त्या तेल मोजायच्या सळईला मी आजवर हात लावलेला नाही."

आजऱ्यात आमची भाताची गिरण होती, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी आप्पांना तांदळावरून कळायच्या. घनसाळ तांदूळ नवा असताना चिकट होतो आणि जुना झाला की मोकळा, सुवासिक होतो, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. तेवढ्या एका निरीक्षणावर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. माणूस जुना झाला की शहाणा होतो. भांडण जुनं झालं की गोड होतं. आणि तेल जुनं झालं की इंजिनाला मानवतं.

"तेल मुरावं लागतं, दळवी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "सारखं झाकण काढून बघितलं तर भात तरी शिजतो का?"

भाऊसाहेबांचा काजूचा कारखाना होता. तिथं बी भट्टीत जरा जास्त राहिली की करपते आणि आधी काढली की सोलत नाही. त्यामुळं त्यांचं आयुष्य वेळेवर चाललेलं. त्यांच्या मोटारीचं तेल दर गणपतीला आणि दर होळीला बदललं जायचं, गाडी चालो वा न चालो. एका वर्षी ते टायफॉइडनं अंथरुणावर होते तेव्हा त्यांनी बाजेवरून हाक मारत तेल बदलून घेतलं होतं, असं बाळकूमामा पुढं सांगायचे.

"रेडेकर," ते आता अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते तेल नाही राहिलं. ते डांबर आहे."

"डांबरावर गाडी पळत असती तर सरकारनं रस्त्यावर ओतलं नसतं."

"रस्त्यावर ओततात म्हणूनच गाडी पळते ना त्याच्यावरून!"

हे वाक्य कुणाच्या बाजूचं झालं ते दोघांनाही कळेना. बाळकूमामा पान तोंडात टाकून म्हणाले, "चला, निघूया, घाटात ऊन लागेल." पण तोवर उशीर झाला होता.

"मला एक सांगा," भाऊसाहेब म्हणाले, "जो माणूस इंजिनाला वेळेवर तेल देत नाही, तो सुनेला वेळेवर जेवायला देईल कशावरून?"

आप्पांचे कान लाल झाले. "आणि जो माणूस वर्षातून दोनदा चांगलं तेल गटारात ओततो, त्याच्या मुलीला संसार काय कळणार?"

मागच्या दारातली वृंदा आत निघून गेली. आईनं जीपमध्ये बसल्या बसल्या पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि ती सरळ आभाळाकडं बघायला लागली. मी दोघांच्या मध्ये उभा होतो, आणि काहीतरी बोलावं म्हणून तोंडही उघडलं होतं. पण आप्पा म्हणाले, "रघू, बस." आणि मी बसलो.

परतीच्या वाटेवर आप्पा आजरा येईपर्यंत तेलावर बोलत होते. आमची सोयरीक मोडली होती, आणि मोडली कशावरून हे गावात सांगायची सोय नव्हती. माझ्या आधी गावात हुंड्यावरून मोडलेली होती, पत्रिकेवरून मोडलेली होती, एकाची तर मुलीच्या काकांना मुलाच्या चुलत्यांनी पंगतीत दुसऱ्यांदा बासुंदी वाढली नाही यावरून मोडली होती. पण इंजिन ऑइलवरून मोडलेला तालुक्यात मी पहिलाच. लोक सांत्वनाला यायचे आणि जाताना आप्पांना विचारायचे, "पण खरंच, कधी बदलावं हो?" मग आप्पा त्यांना चहा पाजून तांदळापासून सुरुवात करायचे.

मला मात्र झोप लागेना. मी वृंदाला एकदाच पाहिलं होतं. पोह्याची बशी देताना ती माझ्याकडं बघून हसली नव्हती; माझ्या शर्टाकडं बघून हसली होती, कारण त्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं. तेवढ्यावर मी हरलो होतो.

बाळकूमामा मात्र हरणाऱ्यातले नव्हते. ते आईचे चुलतभाऊ, अविवाहित, आणि दुसऱ्यांची लग्नं जमवणं हा त्यांचा एकमेव छंद. ते एसटीनं घाट उतरून सावंतवाडीला गेले, घाट चढून आजऱ्याला आले, परत उतरले, परत चढले. शेवटी ते एक अट घेऊन आले. भाऊसाहेबांची अट अशी होती: चैत्राच्या भर उन्हात रेडेकरांनी आपली जीप वऱ्हाडाएवढं वजन भरून सावंतवाडीहून आंबोलीचा घाट एका दमात चढवून दाखवावी. दळवी स्वतः जीपमध्ये बसतील. जीप न थांबता वर पोचली तर ते तेलाचा विषय आयुष्यात काढणार नाहीत आणि सुपारी ठरल्या दिवशी फुटेल. थांबली, तर मुलगी या घरात जाणार नाही.

"एकाच दमात?" आप्पा म्हणाले. "अर्ध्या दमात चढवतो."

आई तिथंच ऐकत बसली होती. ती तांदूळ निवडत होती.

ठरल्या दिवशी आप्पा, बाळकूमामा आणि मी घाट उतरून सावंतवाडीत पोचलो. उतरताना जीप चांगली चालली, पण उतारावर दगडही चांगला चालतो, असं भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी वजन म्हणून काजूची पोती जीपमध्ये चढवली. ती पोती तशीही आंबोलीच्या एका हॉटेलवाल्याला पोचवायची होती, हे मामांना आतून कळलं. सोयरीक मोडो वा राहो, भाडं वाचणार होतं.

पुढं आप्पा आणि भाऊसाहेब बसले. मागं पोती, पोत्यांवर बाळकूमामा, आणि समोरासमोर मी आणि वृंदा. तिनं यायचा हट्ट धरला होता. "माझ्या लग्नाची परीक्षा आहे," ती म्हणाली होती, "मी घरी बसून निकालाची वाट बघणार नाही."

दाणोली मागं पडलं आणि चढ सुरू झाला. जीपचा आवाज असा होता की पुढच्यांचं मागच्यांना आणि मागच्यांचं पुढच्यांना ऐकू येत नव्हतं. पहिल्या वळणावर बाळकूमामा पोत्यावर झोपले, का त्यांनी झोपल्याचं सोंग घेतलं, ते मला आजही माहीत नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" वृंदानं विचारलं.

"कशाबद्दल?"

"तेलाबद्दल."

मी म्हणालो, "आप्पा म्हणतात की..."

"आप्पांचं मला माहीत आहे. सगळ्या सिंधुदुर्गाला माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मी घाटाकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की तेल बदलायला हवं. कुठल्याही मनुष्याला वाटलं असतं. पण ते मोठ्यानं म्हणायची मला सवय नव्हती. गिरणीतही आप्पा बोलायचे आणि मी पोती मोजायचो.

"बदलायला हवं असं वाटतं," मी शेवटी म्हणालो.

"मग आप्पांना कधी सांगितलंत?"

"नाही."

"बाबांचं तेच म्हणणं आहे," वृंदा म्हणाली. "तेल हे निमित्त. ते म्हणतात, मुलगा वडिलांसमोर तोंड उघडत नाही. उद्या तुझं काही म्हणणं असेल तर तो सांगेल का? का त्याला मुरत ठेवील?"

तेवढ्यात पुढून फस्सकन आवाज आला, बोनेटमधून पांढरी वाफ निघाली आणि आमची जीप, घाटाच्या ऐन मधोमध, एका वळणावर थांबली.

"थांबली!" भाऊसाहेब ओरडले. त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि आनंद जास्त होता. "रेडेकर, थांबली! रे म्हाराजा, मी म्हटलं नव्हतं?"

"पाणी तापलंय," आप्पा खाली उतरत म्हणाले. "चैत्रातलं ऊन आहे. तुमच्या काजूंचं ओझं आहे. ह्यात तेलाचा काय संबंध?"

"सगळा संबंध! तेल गेलं की घर्षण, घर्षण झालं की उष्णता, उष्णता झाली की पाणी उकळतं!"

"आमच्या गिरणीचं इंजिन रोज तापतं. ते काय सोयरीक मोडतं का?"

आप्पांनी टॉवेल गुंडाळून बोनेट उघडलं. वाफेचा लोट निवळला. ते रेडिएटर गार व्हायची वाट बघत उभे राहिले, आणि भाऊसाहेब त्यांच्याभोवती फिरत राहिले. दरम्यान घाटातल्या माकडांना बातमी लागली होती. एक मोठं माकड कठड्यावरून उतरलं, त्यानं मागच्या पोत्याचा एक कोपरा दातानं उघडला आणि काजू मोजून घेतल्यासारखे एकेक काढून खायला लागलं. बाळकूमामा जागे झाले, त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि परत डोळे मिटले.

"भाऊसाहेब, काजू," मी म्हणालो.

"काजू गेले खड्ड्यात!" भाऊसाहेब म्हणाले. असं वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण वृंदानं चमकून त्यांच्याकडं बघितलं. "रेडेकर, ती सळई काढा. आत्ता. आत काय आहे ते सगळ्यांना बघू दे."

"सळई निघणार नाही."

"का निघणार नाही?"

"कारण ती मी कधी काढलेली नाही. मुरत्या तेलाला वारा लागू द्यायचा नसतो."

"बाबा, राहू दे," वृंदा म्हणाली.

पण भाऊसाहेब आता कुणाचं ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. त्यांनी खिशातून पांढराशुभ्र, इस्त्रीचा, चौकोनी घडीचा रुमाल काढला. तो त्यांनी झेंड्यासारखा उलगडला. आणि आप्पा पुढं येऊन अडवायच्या आत त्यांनी बोनेटमध्ये हात घालून ती तेलाची सळई सर्रकन वर ओढली.

मी डोळे मिटले. मला वाटलं, आता काळ्या गोळ्यांचा, चिकट, डांबरासारखा काहीतरी पदार्थ बाहेर येईल, तो त्या पांढऱ्या रुमालाला लागेल, आणि तिथं माझा संसार सुरू व्हायच्या आधी संपेल.

मग मी हळूच डोळे उघडले.

रुमालावर एक डाग होता. तो मधाच्या रंगाचा होता. उन्हात धरला असता तर त्यातून पलीकडचं झाड दिसलं असतं. सळईच्या टोकाला तेलाचा एक थेंब लोंबत होता. तो इतका नितळ होता की माकडसुद्धा खाणं थांबवून बघायला लागलं.

भाऊसाहेबांनी सळई पुसली, परत आत घातली, परत काढली. परत मध.

मी आप्पांकडं बघितलं. ते पुरते गोंधळलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव मी पूर्वी एकदाच पाहिला होता, गिरणीच्या चाळणीतून चुकून सोन्याची अंगठी निघाली होती तेव्हा. आप्पा पुढं झाले, वाकले, तो थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, वास घेतला. आणि मग त्यांची छाती हळूहळू फुगत गेली.

"बघितलंत?" ते म्हणाले. "बघितलंत, दळवी? मुरलं!"

"मुरलं?" भाऊसाहेब म्हणाले.

"मुरून निवळलं! सगळा गाळ खाली बसला. वर सोनं राहिलं. मी एवढी वर्षं सांगतोय तर लोक हसतात!" आप्पांनी डोळे पुसले. तेलाच्याच बोटानं पुसले, त्यामुळं गालावर एक चमकदार पट्टा उमटला. "मलाही वाटलं नव्हतं की इतकं होईल."

भाऊसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ज्या माणसानं गणपती आणि होळीला न चुकता तेल बदललं होतं त्याला, हे तेल कुणीतरी गेल्या आठवड्यात बदललंय, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. ते आप्पांकडं बघत राहिले. आप्पांच्या गालावर तो पट्टा, डोळ्यांत पाणी. मग भाऊसाहेबांनी सावकाश मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रुमालाची, डाग आत घेऊन, नीट चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली.

"खरं आहे, रेडेकर," ते म्हणाले. "असं मुरलेलं तेल मी उभ्या जन्मात बघितलं नाही."

"पण जीप थांबली," बाळकूमामा पोत्यावरून म्हणाले. ते एवढ्यासाठी नेमके जागे झाले होते.

"जीप कुठं थांबली?" भाऊसाहेब त्यांच्यावर खेकसले. "माकडं आडवी आली म्हणून थांबवली. चढा!"

पाणी घालून जीप सुरू झाली आणि बाकीचा घाट तिनं आप्पांच्या छातीइतकाच ताठ चढला. आंबोलीत पोती उतरवली. आप्पा चहाच्या टपरीत शिरले आणि तिथल्या सगळ्या ड्रायव्हरांना तेलाची हकीकत सांगायला लागले. भाऊसाहेबांनी मला खांद्याला धरून बाजूला, एका फणसाच्या झाडाखाली नेलं.

"जावईबापू," ते कुजबुजले, "कुठलं ग्रेड घातलंत?"

"भाऊसाहेब, मी..."

"बोलू नका. कळलं मला. मी तुम्हाला मुखदुर्बळ समजत होतो. चुकलो. वडिलांचा शब्द खाली पडू न देता वडिलांचं इंजिन वाचवायचं, याला अक्कल लागते. बोलणारे पुष्कळ बघितले." आणि त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझ्या पोटातला चहा हलला.

ते निघून गेले आणि मी तिथंच उभा राहिलो. मला फक्त एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. त्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सुपारी फुटली असती, लग्न झालं असतं, सासरे जन्मभर माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगत राहिले असते.

वृंदा झाडाच्या पलीकडच्या दगडावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती माझ्याकडं बघून हसत होती, आणि या वेळी माझी सगळी बटणं जागेवर होती. तेच मला सहन होईना.

"तेल मी बदललेलं नाही," मी म्हणालो.

तिचं हसू थांबलं. "काय?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही. ती सळई कुठं असते हेसुद्धा मला आज कळलं. तुमचे बाबा म्हणतात तसला मी नाही. पहिल्यांदा म्हणत होते तसला आहे."

टपरीतून आप्पांचा आवाज येत होता: "गाळ खाली, सोनं वर!" मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

"हे तुम्ही गप्प बसून मिळवलं असतं," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि नेमकं आजच तोंड उघडलंत?"

"हो."

"बरं झालं." ती उठली, साडीवरचं गवत तिनं झटकलं. "मग बदललं कुणी?"

"देवाला माहीत."

"देव ऑइल बदलत नाही. तुमच्या घरातलंच कुणीतरी आहे. जाऊन शोधा. ज्या घरात असं माणूस आहे त्या घरात मी यायला तयार आहे. बाबांना आत्ताच काही सांगू नका. त्यांना बऱ्याच वर्षांनी कुणीतरी आवडलंय."

दळवी बापलेक एसटीनं खाली उतरले आणि आम्ही आजऱ्याला आलो. आप्पा अंगणातूनच ओरडत आत गेले, "अगं ऐकलंस का, तेल निवळलं! दळव्यांनी हात जोडले!" आई म्हणाली, "असं होय? हात धुऊन घ्या, गालाला काय लागलंय बघा." आप्पा मागच्या दारी गेले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसलो. घरात माणसं तीन. त्यांतून आप्पा वजा, मी वजा. शोध फार लांबचा नव्हता.

"आई, तेल कुणी बदललं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "हळू बोल."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात ते निपाणीच्या वन्संकडं गेले होते ना? तेव्हा हुसेन मिस्त्री येऊन बदलून गेला. घाट चढायचा म्हणताना जुन्यावर कसं सोडायचं?"

"म्हणजे, पहिल्यांदाच?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी अजून पाटी घेऊन शाळेत जातो. "पहिल्यांदा कसलं? जीप आली त्या वर्षापासून. पहिल्या वर्षी मी त्यांना सांगून बघितलं. त्यांनी मला तांदळाचं पुराण सांगितलं. मग मी म्हटलं, यांना पटवण्यापेक्षा तेल बदलणं सोपं."

"पण तुला कळतं कसं, कधी बदलायचं ते?"

"जीप गल्लीच्या वळणावर येते तेव्हा ऐकायचं. नवं तेल असलं की चुलीवर दूध उतू जाताना करतं तसा आवाज. जुनं झालं की घसा बसल्यासारखी खाकरते. खाकरायला लागली की मी रात्री जेवताना म्हणते, वन्सं आठवण काढत होत्या हो, बरेच दिवस गेला नाहीत. मग ते दुसऱ्या दिवशी एसटीनं जातात. एकट्यासाठी जीप काढायची नाही हा त्यांचा नेम आहेच. दोन रात्री राहतात. तेवढ्यात हुसेन येतो, त्याला मी घनसाळ देते, तो ईदेला पुलाव करतो. झालं."

मी थक्क होऊन बसलो. निपाणीची आत्या सगळ्या भावकीत सांगत फिरायची की सगळ्या भावांत थोरल्याचा माझ्यावर जीव. बाकीचे भाऊबीजेपुरते, हा मात्र मधूनच, कसलं निमित्त नसताना, माझ्या ओढीनं येतो. तिच्या डोळ्यांत हे सांगताना पाणी यायचं.

"आत्याला हे माहीत आहे?"

"तिला कशाला माहीत पाहिजे?" आई म्हणाली. "आणि गेल्यावर बहीणभाऊ सुखानं बोलतातच की. खोटं काय आहे त्यात?"

मागच्या दारातून आप्पा आले, गाल चोळून चोळून लाल झालेले. "काय बोलताय मायलेकरं?"

"रघू म्हणतोय, तिखट कमी घाल," आई म्हणाली.

मी बाळकूमामांच्या हाती वृंदाला निरोप पाठवला: माणूस सापडलं, आई आहे. मामांना त्याचा अर्थ कळला नाही, पण त्यांनी तो तसाच पोचवला. उत्तर आलं: वाटलंच होतं. अक्षय्य तृतीयेला सुपारी फुटली आणि ज्येष्ठात लग्न झालं. भाऊसाहेब मांडवात ज्याला त्याला सांगत होते की जावई बोलत नाही पण फार पोचलेला आहे. ते मरेपर्यंत हेच सांगत राहिले. वृंदा ते ऐकताना माझ्याकडं बघायची नाही, हा आमच्यातला करार होता.

आपलं गुपित सुनेला कळलंय, हे आईला बोलून दाखवायची वेळच आली नाही. दोघी स्वयंपाकघरात असायच्या, गल्लीच्या वळणावर जीप यायची, दोघींचे हात क्षणभर थांबायचे, आणि परत चालू व्हायचे. वृंदाला तो आवाज ओळखायला किती दिवस लागले मला माहीत नाही. पण गणपतीनंतर आई तापानं पडली होती तेव्हाची गोष्ट. रात्री वृंदा आम्हाला वाढत होती. आप्पांनी भातावर आमटी ओतून घेतली, कालवली, आणि पहिला घास घेणार एवढ्यात ती म्हणाली,

"आप्पा, निपाणीच्या आत्याबाई लग्नात किती मायेनं बोलल्या हो माझ्याशी. म्हणत होत्या, दादा आला की माझं घर भरतं."

आप्पांचा हात तोंडाजवळ थांबला. आतल्या खोलीत, पांघरुणाखाली, आई खोकल्याचं निमित्त करून हसली.

"असं म्हणाली?" आप्पा म्हणाले. त्यांनी घास खाली ठेवला. "मग उद्याच पहाटेच्या गाडीनं जाऊन येतो."